हिरवं बटण एकदाच दाबायचं

आमच्या सुनेच्या ऑफिसात वेगाची एक रेघ होती. ती कागदावर सुरू झाली आणि छताला जाऊन टेकली. तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने पहिल्याच दमात थाप मारली. मारतो मी थापा, नाही म्हणत नाही. पण ही रेघ मी पाहिलेली आहे, आणि ती वर न्यायला जी शिडी आणली होती तिचा एक पाय मी स्वतः धरून उभा राहिलेलो आहे.

सुनेच्या ऑफिसात तिची पाच-सात जणांची टोळी. दर पंधरवड्याला किती काम उरकलं ते मोजायचं आणि भिंतीवरच्या कागदावर एक ठिपका द्यायचा. ठिपके जोडले की रेघ. आधी ही रेघ साधीसुधी होती, थोडी वर, थोडी खाली, चढावर सायकल चालवणाऱ्या माणसासारखी. मग त्या टोळीवर एक नवे साहेब आले आणि रेघेला पाय फुटले. कागद संपला, वर दुसरा चिकटवला. तो संपला, मग थेट भिंतीवर. शेवटी रंगाऱ्याकडून शिडी आणली आणि ठिपका छताला टेकला. वरच्या मजल्यावर विम्याचं ऑफिस होतं. साहेबांनी त्यांना विचारून घेतलं म्हणे, की आमची रेघ तुमच्या जमिनीतून वर आली तर चालेल का. ते म्हणाले, आधी छताचा विमा उतरवा.

या साहेबांना सगळे लगबगसाहेब म्हणत. तोंडावर ‘सर’, पाठीमागे लगबगसाहेब. माणूस वाईट नव्हता. सगळ्यांच्या मुलाबाळांची चौकशी करायचा, फक्त उत्तर ऐकायला थांबायचा नाही. तो इतका भरभर बोलायचा की वाक्य आधी खोलीत शिरायचं आणि साहेब मागून यायचे. लिफ्टचं बटण तर असं दाबायचे, टक टक टक टक, की लिफ्ट घाबरून मधल्याच मजल्यावर थांबायची. साहेबांच्या वरतीही साहेब होते आणि ते वरचे रोज विचारायचे, रेघ कुठपर्यंत आली? म्हणजे घाई मूळची यांची नव्हती, वरून गळत गळत खाली आलेली होती.

टोळीचं काम एका ॲपचं. एक मोठं हॉस्पिटल आहे, तिथे डायलिसिसला येणाऱ्या लोकांना घरून न्यायला आणि परत सोडायला गाडी असते. आजवर ती फोन करून मागवायची. एक बाई दिवसभर फोनवर बसून ‘तुमचं नाव? तुमचा पत्ता?’ करायची. आता फोनऐवजी ॲप. दिवस निवडायचा, हिरवं बटण दाबायचं, चित्रात गाडी उमटते, आणि ठरल्या वेळी खरी गाडी दारात. सोमवारी ॲप सुरू, त्याच दिवशी फोन बंद, असं साहेबांनी हॉस्पिटलला कबूल करून टाकलेलं.

आमच्या शेजारचे टेलरमास्तर त्याच गाडीने जातात. मास्तरांची काय गोष्ट सांगू! त्यांनी एकदा एका वकिलाला असा कोट शिवून दिला की वकील आजारी पडल्यावर कोट एकटाच कोर्टात उभा राहिला आणि खटला जिंकून आला. आता मशीन बंद आहे. हात थरथरतात. सकाळी त्यांचा कप बशीवर वाजायला लागला की भिंतीच्या अलीकडे आम्हाला कळतं, मास्तर उठले. घरात एकटेच. गाडी आली नाही तर त्यांना हॉस्पिटलात नेणारं कुणी नाही, आणि एक खेप चुकली तर काय होतं ते मला सांगायला लावू नका.

टोळीत कोड लिहिणारा मुख्य गडी म्हणजे भिंगरी. हे टोपणनाव. तरणा माणूस, बोटं अशी चालायची की कळफलकावरची अक्षरं कधीच झिजून गेलेली, आणि शेजारी ठेवलेला गार चहा त्या उष्णतेने पुन्हा उकळायचा. त्याची बायको हॉस्पिटलात नर्स, तिच्या पाळ्या बदलत्या. मुलगी पाळणाघरात. संध्याकाळी सगळी मुलं गेली की ही एकटी बूट घालून पायरीवर बसलेली असायची. म्हणून भिंगरीला साहेबांच्या घाईवर आणखी स्वतःची घाई.

आणि आमची सून. तिचं काम मोडायचं. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं घ्यायचं आणि ते कुठे मोडतं ते शोधायचं. अख्ख्या ऑफिसात ‘नाही’ म्हणायचा पगार मिळणारी ती एकटी. असल्या माणसाला कोण जवळ करतो? मागच्या खेपेला तिने एक काम अडवलं होतं, तर त्या पंधरवड्याला रेघ वर न जाता आडवी झाली, आणि वरच्यांनी लगबगसाहेबांना विचारलं, ही तपासणीची वेगळी खुर्ची ठेवायलाच हवी का? ज्याने लिहिलं त्यानेच तपासलं तर काय बिघडतं?

हे तिने आम्हाला जेवताना सांगितलं. घरात आम्ही तिघंच. मुलगा जहाजावर, निम्मं वर्ष पाण्यात.

“या वेळी नाही अडवता यायचं, आई,” ती म्हणाली. “या वेळी गाडीच्या कामाचं कार्ड भिंतीवरच्या ‘झालं’ रकान्यात गेलं नाही तर माझी खुर्ची गेली म्हणून समजा.”

“मग नको अडवूस,” आमची मंडळी म्हणाली आणि तिच्या ताटात वाढलं. “मी आहे ना.”

‘मी आहे ना’ म्हणजे काय, ते सांगायला हवं.

ऑफिसच्या भिंतीवर तीन रकाने होते. करायचं, चालू, झालं. प्रत्येक कामाचं एक कार्ड, ते डावीकडून उजवीकडे सरकत जायचं. सुनेने तिथे रुजू झाल्यावर एक प्रथा पाडली होती. ‘झालं’मध्ये जाण्याआधी कुणाच्या तरी घरच्या माणसाने येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचं आणि ते काम स्वतः करून दाखवायचं. कुणी शिकवायचं नाही, डोळ्यांनी खुणा करायच्या नाहीत. घरचं माणूस अडलं की काम झालं नाही. प्रथा चांगली होती. एकाचे वडील आले, ते प्रत्येक बटणाआधी विचारायचे, “याने घरातले दिवे जाणार नाहीत ना?” एकाची आत्या फोनशी बोलायचीच. “अगं, मंगळवार म्हटलं मी, मंगळवार!” एकाची मावशी तपासता तपासता झोपली, ती पुढच्या पंधरवड्यापर्यंत तिथेच होती. तिच्या अंगावर शाल घालून बाकीचे काम करत राहिले.

लगबगसाहेब आल्यावर त्यांना हे सोसेना. “अहो, एका कार्डाला अर्धा दिवस?” अशात एकदा आमची मंडळी गेली. सरसर सरसर सगळं केलं, चष्मा काढला आणि म्हणाली, “छान झालंय गं.” माझा चहा अजून ओतून व्हायचा होता. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि त्यांचा चेहरा असा उजळला की दिवे बंद केले तरी चाललं असतं. त्या दिवसापासून दर वेळी हिलाच बोलावणं. इतरांच्या वडिलांना आणि आत्यांना सुट्टी. खुर्चीवर हिच्यासाठी उशी आली. मी सोबत जायचो, बिस्किटांसाठी. आणि रेघ चालली वर.

तर त्या दिवशी सोमवारच्या आधीची शेवटची तपासणी होती. दुपारची वेळ. मी मास्तरांनाही घेऊन गेलो. त्यांचा हॉस्पिटलचा दिवस नव्हता, आणि फोन बंद होणार म्हटल्यापासून त्यांनी धसका घेतला होता. म्हटलं, चला, बिस्किटं चांगली असतात आणि ॲपही बघून होईल.

मंडळी उशीवर बसली. दिवस निवडला, बटण दाबलं, गाडी उमटली. परतीची गाडी, तीही उमटली. नकाशावर गाडी हलताना दिसली. सीटचा रंग निवडायचा, तोही निवडला. “छान झालंय गं.” कपात साखर विरघळायच्या आत संपलं. टाळ्या पडल्या. भिंगरीने कार्ड उचलून ‘झालं’मध्ये लावलं, लगबगसाहेब हातात मार्कर घेऊन शिडीवर चढले, आणि मी शिडीचा पाय धरला.

“वहिनी, मला बघू की,” मास्तर म्हणाले. “सोमवारपासून मलाच करायचंय.”

“घ्या. पण जपून हं.”

मास्तरांनी दिवस निवडला. बोट हिरव्या बटणावर नेलं. बोट थरथरलं. चित्रात गाडी उमटली आणि तिथल्या तिथे पुसली गेली.

“गेली की हो.”

“असं नाही, मास्तर! एकदाच दाबायचं. दुसऱ्यांदा बोट लागलं की त्याला वाटतं तुम्हाला गाडी नकोय.”

मास्तरांनी पुन्हा दाबलं. आली, गेली. पुन्हा. आली, गेली.

“आणि पान उघडल्या उघडल्या नाही दाबायचं,” मंडळी सांगत सुटली. “चष्मा पुसायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढं थांबायचं. मग त्याचा मूड लागतो. आणि मागे जायचं झालं तर त्या बाणाला हात लावू नका. बाण रुसलेला आहे. सगळं बंद करायचं आणि नव्याने उघडायचं. परतीची गाडी मागताना आधी रंग निवडायचा, नाहीतर ते तारीख विसरतं.”

सून कॉम्प्युटरसमोरून उठली. हळू आली. “आई, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सांगायला कशाला हवं कुणी? इतके महिने वागतेय मी त्याच्याशी. एकदा स्वभाव कळला की झालं. यांच्याशी तरी दुसरं काय केलं मी?”

सगळे हसले. मीही हसलो, मग माझ्या लक्षात आलं आणि थांबलो.

सून हसली नव्हती. “म्हणजे बटणाचं तुम्हाला माहीत होतं.”

“माहीत म्हणजे... किरकोळ होतं गं.” मंडळीने उशी उगाचच सारखी केली. “तेवढ्यासाठी तुझं काम कशाला अडवायचं? रोज चेहरा पाडून घरी येतेस. घरच्या माणसाने सांभाळून घ्यायचं नाही, तर कुणी घ्यायचं?”

खोलीत कॉफीचं मशीन तेवढं खोकलं. भिंगरी मान खाली घालून म्हणाला, “बाणाचं मला माहीत होतं. मी ताईंना म्हटलं होतं, पुढच्या खेपेला करतो. त्या बरं म्हणाल्या.”

“म्हटलं मी बरं,” सून म्हणाली. “तू चावी हातात घेऊन उभा होतास. पाळणाघर बंद व्हायची वेळ झाली होती.”

बघा म्हणजे. सासूने सुनेला सांभाळून घेतलं, सुनेने भिंगरीला, भिंगरीने साहेबांना, साहेबांनी वरच्यांना. सगळी प्रेमाची माणसं. आणि त्या एवढ्या प्रेमाखाली ती गाडी सारखी येत होती आणि जात होती.

“अहो, एवढं काय त्यात!” शिडीवरून लगबगसाहेब म्हणाले. “खाली एक ओळ टाका. ‘बटण एकदाच दाबावे.’ लाल अक्षरात. पाच मिनिटांचं काम. मी ठिपका देतो.”

सुनेने मास्तरांकडे बघितलं. मास्तर आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून बसले होते, एखादं पाखरू धरून ठेवावं तसा.

“मी सराव करीन हो,” ते म्हणाले. “सकाळी बोट जरा शहाणं असतं. माझ्यापायी पोरीचं काम नको अडायला.”

मला वाटतं, तिथेच तिचं ठरलं. मास्तरसुद्धा तिला सांभाळून घ्यायला निघाले, आणि ते तिला झेपलं नाही. ती भिंतीपाशी गेली, ‘झालं’मधलं कार्ड काढलं आणि उलट्या दिशेने आणून ‘चालू’मध्ये लावलं. त्या ऑफिसात कार्ड आजवर कधी डावीकडे गेलेलं नव्हतं. कागदही बिचकला असेल.

“हे काय?” साहेब वरूनच म्हणाले. “वर मी काय सांगू? आणि तुमच्या खुर्चीबद्दल वर काय बोलणं चाललंय, ते माहीत आहे ना तुम्हाला?”

“माहीत आहे, सर.” तिचा आवाज जरा हलला, पण ती हलली नाही. “जाऊ दे ती गेली तर. तुम्ही फक्त एकदा गाडी मागवा. खाली या जरा.”

“द्या इकडे! एका बटणाचं काय घेऊन बसलात!”

साहेब दोन-दोन पायऱ्या सोडत उतरले, फोन घेतला, दिवस निवडला आणि हिरव्या बटणावर बोट मारलं. एकदा मारलं असेल असं वाटतं तुम्हाला? टक टक टक टक. लिफ्टला मारायचे तसंच. गाडी आली, गेली, आली, गेली. चित्रातल्या ड्रायव्हरला चक्कर आली असेल.

“गेली?” साहेब म्हणाले. “का गेली?” टक टक टक टक.

‘आपली गाडी रद्द झाली आहे,’ फोनने अदबीने कळवलं.

साहेबांनी पुन्हा बोट उचललं, हवेतच थांबवलं आणि बघितलं. स्वतःच्या बोटाकडे माणूस असा क्वचितच बघतो. मग ते खुर्चीत बसले, हिच्या उशीवर.

“माझं बोट तर थरथरत नाही.”

“नाही, सर,” सून म्हणाली. “तुम्हाला घाई असते.”

“असं करा साहेब,” मास्तर पुढे वाकून म्हणाले, अगदी आपुलकीने, “एक हात दुसऱ्या हाताने धरून बघा. मला थोडा उपयोग होतो.”

साहेबांनी खरोखर धरला. धरून बटण दाबलं. गाडी आली आणि राहिली. पण त्यांना त्याचा आनंद झालेला दिसला नाही. थोड्या वेळाने त्यांनी हळूच विचारलं, “मी लिफ्टलाही असंच करतो का?”

भिंगरी खिडकीबाहेर बघू लागला. मी आणखी एक बिस्किट घेतलं.

“सगळं थांबवावं असं नाही म्हणत मी,” सून म्हणाली आणि त्यांच्या शेजारी स्टुलावर बसली. “सोमवारी देऊ. पण सगळं नको. जायची गाडी तेवढी देऊ. बटण कुणीही, कसंही, कितीही वेळा दाबलं तरी ती पुसली जाणार नाही, अशी करून देऊ. परतीची गाडी, नकाशा, सीटचे रंग हे पुढे एकेक करून. आणि तोवर फोन चालू ठेवायचा.”

“सीटचे रंग वरच्यांना फार आवडले होते,” साहेब म्हणाले.

“वरच्यांना गाडीत बसायचं नाहीये, सर.”

साहेबांनी भिंगरीकडे बघितलं.

“एवढं एकच असेल तर आज करतो,” भिंगरी म्हणाला. “नीट करतो. पण आता मला निघावं लागेल, मुलगी...”

“आधी तिला घेऊन ये,” सून म्हणाली. “मग बस. आणि मी आज काही सोडून देणार नाही, आधीच सांगते. माझा राग आला तरी चालेल.”

“येऊ दे की राग. तुम्ही बरं म्हणालात की मला जास्त भीती वाटते,” तो म्हणाला आणि पळाला.

उरला हॉस्पिटलचा फोन. तो साहेबांनाच करायला हवा होता, आणि माणूस शिडीवर चढताना भ्यायला नव्हता तेवढा या फोनला भ्यायला. दोनदा नंबर लावून त्यांनी बंद केला. शेवटी लावला. तिकडे मोठ्या सिस्टर होत्या. साहेबांनी सांगितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मी त्यांचं एखादं वाक्य त्यांच्याबरोबर चालताना ऐकलं, पुढे पळताना नाही. अर्धंच देऊ शकतो. बाकीचं अजून भरवशाचं नाही. फोन बंद करू नका.

मग ते बराच वेळ ऐकत होते. सुनेने कार्डाची पिन हातात धरून तिचं वेटोळं करून टाकलं.

“काय म्हणाल्या?” साहेबांनी फोन ठेवल्यावर तिने विचारलं.

“म्हणाल्या, फोन बंद करायला सांगणार म्हणून त्यांनाच झोप नव्हती.” साहेबांनी कपाळ पुसलं. “म्हणाल्या, मागच्या वर्षी कुणीतरी असंच सगळं एकदम दिलं होतं, ते त्यांनी कपाटात ठेवलंय.”

वरच्यांना काय सांगितलं, ते मला नीट ठाऊक नाही. दार बंद होतं. कान लावला होता, पण कॉफीचं मशीन मध्ये खोकत होतं. एवढंच ऐकू आलं, “खुर्ची ठेवायची. हो, वेगळी. मी दाबून बघितलंय.” आणि बाहेर आल्यावर साहेब लिफ्टपाशी गेले, बटण एकदा दाबलं आणि हात पाठीमागे बांधून उभे राहिले. लिफ्ट इतकी गोंधळली की तळमजल्यावरून वर यायच्या ऐवजी गच्चीवर जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी मास्तर दिवसभर त्या खुर्चीत होते. एकाचे वडील आले, “दिवे जाणार नाहीत ना?” वगैरे. आत्याही आल्या आणि हिरव्या बटणाला रागावून गेल्या. सून प्रत्येकाच्या मागे उभी, तोंडाला कुलूप लावून. भिंगरीचा चहा गारच राहिला, इतकं सावकाश चाललं होतं त्याचं. संध्याकाळी कार्ड ‘झालं’मध्ये गेलं. एकच कार्ड. लगबगसाहेबांनी ठिपका दिला तो जमिनीवर उभं राहून, छातीच्या उंचीवर. शिडी मी आणि मास्तर रंगाऱ्याकडे परत द्यायला गेलो. रंगारी म्हणाला, मला वाटलं तुम्ही वर निघून गेलात. छतावरची रेघ मात्र तशीच आहे. पुसायला शिडी लागेल म्हणून राहिली.

सोमवारी सकाळी भिंतीपलीकडे कप वाजला. थोड्या वेळाने मास्तर फोन घेऊन आमच्या दारात आले. त्यांनी बटण दाबलं होतं. बोट नेहमीप्रमाणे थरथरलं होतं, गाडी उमटली होती आणि राहिली होती. तरी खात्री नाही म्हणून त्यांनी आमच्यासमोर आणखी दाबलं, मग गंमत म्हणून दाबलं, मग हिने दाबलं, मग मी. गाडी चित्रात ढिम्म. ठरल्या वेळी बाहेर हॉर्न वाजला. एकच गाडी आली होती. एवढ्या वेळा दाबल्यावर निदान दोन तरी यायला हव्या होत्या, असं मला उगाच वाटलं. मास्तर चढले, खिडकीतून त्यांनी हात हलवला. तो हात थरथरत होता म्हणून, की मुद्दाम हलवत होते, ते लांबून कळलं नाही.

राहता राहिली आमची मंडळी. ती फुगून बसली होती. सांभाळून घेतलं हे चुकलं, हे तिच्या गळी उतरेना. “उद्यापासून माझं काय काम तिथे?” म्हणे. “उशी तरी परत आण.”

सून तिच्याजवळ जाऊन बसली. “आई, तुमच्याइतकं ते ॲप कुणाला कळलेलं नाही. आम्ही महिनोन्‌महिने शोधत होतो ते तुम्हाला सगळं तोंडपाठ आहे. तुम्ही यायचंच. फक्त आता काही सोसायचं नाही. जिथे थांबावं लागेल, जपावं लागेल, वळसा घालावा लागेल, तिथे लगेच बोलायचं. जमेल?”

“तुझं काम अडलं तर?”

“अडू दे.”

हिने विचार केला. “बघते,” म्हणाली. “पण इतक्या वर्षांची सवय मोडायची म्हणजे घरी थोडा सराव करावा लागेल.”

आणि चष्मा पुसून तिने माझ्याकडे बघितलं.

तेव्हापासून चाललंय. “अहो, चहा पिताना आवाज करता तुम्ही. आजवर मी रेडिओ मोठा करत आले.” “अहो, दार ओढून घेत नाही तुम्ही, मागून मी ओढते.” “अहो, तुम्हाला काही विचारलं की पहिलं ‘नाही’ म्हणता, म्हणून मी नेहमी उलटं विचारते.” मला पत्ताच नव्हता हो. मला वाटायचं, मी चांगला चालतोय.

शेवटी मी सुनेकडे गाऱ्हाणं नेलं. ती हसली. म्हणाली, “बाबा, सगळं एकदम नाही. दर पंधरवड्याला एकच घ्यायचं, पण नीट.” मग दोघींनी बसून ठरवलं. आधी चहा, मग दार. थापांना हात लावायचा नाही असंही ठरलंय. हिचं म्हणणं, त्या काढायला घेतल्या तर खाली माणूस उरायचा नाही.